धुण्याची वही

टँजियरच्या जुन्या गावात एक गल्ली घराखालून जाते.
वर कमान, कमानीवर खोली,
खोलीत म्हणे एके काळी
दोन राज्यांचं सख्य राहायचं.
आता तिकीट वीस दिरहम.

तिकीट फाडते रहीमो.
पायात घरातल्या सपाता,
काउंटरवर सोलायला घेतलेल्या जाडजूड शेंगा.
आमचं दोघींचं फ्रेंच सारखंच मोडकं,
त्यामुळे बोलणं नीट होतं.

ही ज्या देशाची वकिलात, तो देश आता नकाशात नाही.
युद्धात त्याचे तुकडे झाले,
तुकड्यातुकड्याला झेंडा मिळाला,
हे घर मात्र कुणाच्याच वाट्याला आलं नाही.
किल्ली कुणाला द्यावी कळेना,
म्हणून शेवटचा वकील ती समोरच्या पाववाल्याकडे टाकून
बोटीत बसला.
निघताना "येतो" म्हणायची रीत त्याच्या भाषेत नसावी.

दिवाणखान्यात डागाळलेला आरसा,
मिशाळ राजाचं तैलचित्र,
आणि दोन आरामखुर्च्यांच्या मध्ये
पाठ नसलेलं एक स्टूल. दुभाष्याचं.
दोन्हीकडचं खोटं एकाच तोंडानं बोलायचं
आणि टेकायचं नाही.
मीही याच कामावर पोट भरते.
दोरी ओलांडून बसून पाहावंसं वाटलं. बसले नाही.

काचेखाली तहनामा. लाखेची मोहर वाटीएवढी.
चंद्रसूर्य असेतो मैत्री, असं कलम आहे.
खिडकीतून पाहिलं.
सूर्य तरी होता.

त्याच्याच शेजारी एक वही,
पानं पाण्यानं फुगलेली.
अक्षर एकही नाही. नुसत्या खुणा:
आडव्या रेघा, चौकोन, गाठी, मधूनच एखादं फूल.
"एक मोठे पंडित आले होते," रहीमो मागून म्हणाली,
ओंजळीत शेंगांची टरफलं.
"पांढरे हातमोजे घालून.
हेरांची गुप्त लिपी आहे म्हणाले.
दोन वर्षं उलगडत होते.
मी तेव्हा नवीन. शेवटी सांगितलं,
बाबा, चादरी आहेत त्या."

रेघ म्हणजे चादर. चौकोन, टेबलावरचं कापड.
गाठ म्हणजे सदरा.
फूल, वकिलाच्या बायकोचा झगा.
पैसे मिळाले की खुणेवर काट.
वही रहीमोच्या पणजीची, तामोची.
शेवटच्या पानावर अकरा रेघा, तीन चौकोन, एक फूल,
आणि काट कशावरच नाही.

तामो धुणं घेऊन आली तेव्हा दार बंद होतं.
दुसऱ्या दिवशीही आली. आठवडाभर येत राहिली,
डोक्यावर गाठोडं,
कोरडं, घड्या घातलेलं, एका राज्याचं.
मग घरी नेलं.

"माझी आजी त्यातल्याच एका चादरीवर जन्मली.
दोन मामांच्या लग्नात अंथरल्या,
काही फाटल्या, काहींची लंगोटं झाली.
एक तामोबरोबरच मातीत गेली."
फुलाचं काय झालं, मी विचारलं.
ती हसली. सांगितलं नाही.

एक चादर उरली आहे.
काउंटरखालच्या खणातून काढून तिनं दाखवली,
कोपऱ्यात रेशमी मुकुट,
धुऊन धुऊन टोपीएवढा साधा झालेला.
वर्षातून एकदा धुते, इस्त्री करते,
पुन्हा घालते घडी.
राज्याची घडी विस्कटून शंभर वर्षं झाली.
हिच्या कडा अजून कडांना लागतात.

"यादीत का नाही ठेवत? म्युझियमला द्यायची."
"म्युझियमची कशी? गिऱ्हाइकाची आहे.
आलं कुणी मागायला तर द्यावी लागेल."
थोडं थांबून,
"पैसे घेऊन."

पाच वाजले. तिनं टरफलं पिशवीत भरली,
दिवे मालवले, राजाचा आधी.
मी माझ्या भाषेत "येते" म्हटलं.
तिला काय कळलं कोण जाणे, मान हलवली,
दार ओढलं,
आणि किल्ली समोर पाववाल्याकडे दिली.
त्यानं न बघता पिठाच्या हातानं घेतली
आणि खिळ्याला अडकवली.